पंप गळतोय म्हणून पंपच बदलायचा का? जुन्या ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी पॉवर स्टिअरिंगच्या गळतीबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलले. बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: ऑइल कमी होतं, पंपाखाली ओलं दिसतं, आणि कोणीतरी सांगितलेलं असतं की पंप गेला. ज्यांचे प्रश्न जवळपास सारखे होते त्यांनी आपला वेगळा छापला नाही म्हणून रागावू नका.

प्रश्न: नमस्कार दादा. माझा ट्रक जुना आहे, वीसेक वर्षं झाली. स्टिअरिंगच्या टाकीत दर चार-पाच दिवसांनी ऑइल टाकावं लागतं. पंपाच्या खाली सगळं चिकट झालंय, खालच्या लोखंडावर थेंब लोंबत असतात. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, नवा टाका. पण स्टिअरिंग तर हलकं आहे आणि आवाजही काही नाही. मग खरंच पंप बदलावा लागेल का?

उत्तर: स्टिअरिंग हलकं आणि आवाज नाही म्हणता ना, मग पंप आतून चांगला असण्याचीच शक्यता जास्त. पंपाच्या पोटात एक रोटर असतो, त्याच्या खाचांमध्ये पातळ पोलादी पट्ट्या बसलेल्या असतात, आणि हे सगळं एका लंबगोल रिंगमध्ये फिरतं, पट्ट्या बाहेर येतात आत जातात आणि ऑइल पुढे ढकललं जातं. या पट्ट्या किंवा ती रिंग झिजली की दाब कमी पडतो आणि मग उभ्या गाडीत, इंजिन आयडलला असताना स्टिअरिंग जड लागायला लागतं. याला म्हणायचं पंप गेला. गळती हे वेगळं दुखणं आहे, ते जवळजवळ नेहमी रबराचं असतं, म्हणजे सील, ओ-रिंग (रबरी गोल कडी), होज (रबरी पाइप). पंप गळतो आणि पंप गेला या दोन गोष्टी एकात एक मिसळल्या की चांगला पंप भंगारात जातो आणि नवा पंप बसवूनही गळती तशीच राहते, कारण ती पंपातून नव्हतीच.

तर आधी ऑइल नक्की कुठून येतंय ते शोधायचं. आणि ते आत्ता जसं चिकट आहे तसं ठेवून शोधता येत नाही. ऑइल खाली ओघळतं हे खरं पण गाडी चालत असताना पंख्याचा वारा त्याला मागे फेकतो, त्यामुळे थेंब जिथे लोंबतोय तिथून उगम हातभर लांब असू शकतो. सगळा भाग डीग्रीझर (तेलकटपणा काढायचं केमिकल) मारून ब्रशने घासून धुवा (अल्टरनेटरवर आधी प्लास्टिकची पिशवी बांधा, त्यात पाणी आणि केमिकल घालवू नका), पूर्ण सुकू द्या, टाकी खुणेपर्यंत भरा. मग खाली स्वच्छ पुठ्ठा टाका, इंजिन चालू करा, एकाला स्टिअरिंगवर बसवून हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा आणि तुम्ही बॅटरी घेऊन बघत बसा. सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा ओला ठिपका शोधायचा, बाकी सगळं ओघळ आहे. झिरपणं अगदी बारीक असेल तर सुकलेल्या भागावर पावडर भुरभुरवा, जिथे पहिला गडद डाग उमटेल ती जागा. तेवढ्यानेही नाही कळलं तर ऑइलमध्ये टाकायचा डाय म्हणजे चमकणारा रंग मिळतो, तो घालून दोन दिवस गाडी चालवा आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट बॅटरीने बघा, गळती चमकते.

बघायचं कुठे कुठे? पुलीच्या मागे, पंपाच्या तोंडाशी ओलं असेल आणि पुलीच्या आतल्या बाजूने ऑइल गोल उडालेलं असेल तर शाफ्टचं (पुली ज्यावर बसते त्या दांड्याचं) सील. पंपाला मागून डब्यासारखी टाकी चढवलेली असेल (जुन्या सॅगिनॉ बनावटीच्या पंपांना अशीच असते) तर डबा आणि पंप यांच्या मधली मोठी ओ-रिंग, आणि मागच्या स्टडच्या आणि प्रेशर फिटिंगच्या छोट्या ओ-रिंगा. या तीनचार ओ-रिंगा कडक होऊन चपट्या झाल्या की डब्याच्या कडेकडेने ऑइल येतं आणि बघणाऱ्याला वाटतं पंपच फुटलाय. रिटर्न होज हा ऑइल टाकीत परत आणणारा साधा कमी दाबाचा पाइप, त्याचं रबर टोकाला कडक होतं आणि क्लिपखालून झिरपतं, कित्येकदा टोकाचा इंचभर भाग कापून नवी क्लिप लावली की काम संपतं. मग प्रेशर होज (पंपातून दाबाचं ऑइल पुढे नेणारा), जिथे रबर संपून लोखंडी नळी सुरू होते तो दाबलेला जोड. हा जोड फसवा असतो. इंजिन नुसतं चालू असताना कोरडा ठणठणीत, आणि स्टिअरिंग वळवलं की तिथून बारीक फवारा. म्हणूनच दुसऱ्या माणसाला स्टिअरिंगवर बसवायचं.

एक गोष्ट इथे ठामपणे सांगतो. दाब असताना गळती शोधायला होजवरून हात फिरवायचा नाही. हलक्या ट्रकमध्येसुद्धा वळवताना दाब साधारण १००० ते १५०० पीएसआयपर्यंत जातो, मोठ्या ट्रकमध्ये २००० च्याही वर, आणि ट्रकच्या टायरमधली हवा १०० च्या आसपास असते म्हणजे अंदाज करा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडी भेदून आत जातं, बाहेरून फक्त बारीक टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत आतलं मांस खराब व्हायला लागतं. असं झालं तर घरगुती उपाय नको, सरळ हॉस्पिटल, आणि तिथे सांगायचं की दाबाचं ऑइल आत गेलंय. फिरवायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

अजून एक, ते ऑइल स्टिअरिंगचंच आहे ना? पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या. बऱ्याच गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) असतं, जुनं झालं की तपकिरी दिसतं. डिझेल इंजिनचं ऑइल काळं. व्हॉल्व्ह कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळून ऑइल खाली पंपावर येतं आणि पंपाचं नाव होतं हे नेहमीचंच. पण काही मोठ्या ट्रकना कंपनी स्टिअरिंगमध्येही १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइलच सांगते, तिथे रंगावरून काही कळणार नाही, तिथे टाकीची पातळी बघूनच ठरवायचं.

प्रश्न: पुलीच्या मागूनच गळतंय हे नक्की झालंय, शाफ्टचं सील. नवं सील आणलंय. घरी बदलता येईल का? पुलीला नट दिसत नाही मग ती निघते कशी? हातोडीने ठोकून काढू का?

उत्तर: हातोडी ठेवा बाजूला. नट नाही म्हणजे पुली शाफ्टवर दाबून बसवलेली आहे. पुलीच्या मधल्या गळ्याला एक खाच असते, त्या खाचेत धरणारा खास पुलर मिळतो, तो लावायचा आणि बोल्ट आवळत जायचं, पुली सरकत बाहेर येते. नेहमीचा तीन पायांचा पुलर पुलीच्या कडेला लावला तर पत्र्याची पुली वाकते आणि मग ती जन्मभर डुलत फिरते. आणि ठोकलं तर ते धक्के शाफ्टवरून थेट पंपाच्या आत जातात, रोटर आणि प्लेट यांच्यात फट अगदी कमी असते, तिथे ओरखडे पडले की सील बदलायला गेलात आणि पंप घालवून बसलात. बसवतानाही तसंच, शाफ्टच्या टोकाला आतून आटे असतात, त्यात टूलचा स्टड पूर्ण आत फिरवून मग दाबत न्यायची. थोडेच आटे पकडून जोर लावला तर ते उपटतात. पुली कुठपर्यंत जायची? बहुतेक पंपांत शाफ्टचं टोक आणि पुलीचा गळा एका सपाटीत येईपर्यंत, पण खात्री नसेल तर काढायच्या आधीच माप घेऊन ठेवा, सोपं.

काही पंपांत नटवाली पुली आणि चावी (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारा छोटा लोखंडी तुकडा) असते, त्यांना हे सगळं लागत नाही, नट सोडला की पुली हलवून हलवून निघते, फक्त ती छोटी चावी हरवू नका.

पंप गाडीवरून उतरवूनच काम करा. उतरवण्याआधी मोठ्या सिरिंजने टाकीतलं ऑइल ओढून घ्या, होज सुटल्या सुटल्या त्यांच्या तोंडात स्वच्छ चिंधी किंवा बूच घाला, आणि बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा, शेवटची गोष्ट अगदी फालतू वाटते पण लांब एकच बेल्ट असलेल्या गाडीत नंतर अर्धा तास डोकं खाजवत बसण्यापेक्षा बरी.

जुनं सील काढताना सीलच्या पत्र्यात बारीक भोक पाडून त्यात एक स्क्रू थोडा फिरवायचा आणि पक्कडीने स्क्रू ओढायचा. भोक पाडताना ड्रिलचं टोक शाफ्टला लागता कामा नये आणि फार आतही जाता कामा नये, टोकाला थोडं ग्रीस लावलं तर चुरा त्याला चिकटतो. पेचकस घालून उचकटायचा मोह होतो पण त्याने शाफ्टवर किंवा सील बसतं त्या भोकाच्या भिंतीवर चरा पडतो आणि मग नवं सील तिथूनच गळतं.

आता नवं सील बसवायच्या आधी थांबा आणि शाफ्टवर जुन्या सीलचा ओठ जिथे घासत होता ती जागा बघा. चकचकीत रेघ दिसणं ठीक आहे. पण नख आडवं फिरवून बघा, नख अडकलं म्हणजे खाच पडलीय आणि या खाचेवर नवं सील फार दिवस टिकत नाही. दुसरं, शाफ्ट दोन बोटांत धरून वर-खाली हलवून बघा. हाताला हलल्यासारखं जाणवलं तर आतला बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजलाय. अशा पंपाला सील लावणं म्हणजे नुसतं काम पुढे ढकलणं, इथे मात्र तुमच्या मेकॅनिकचं बरोबर आहे, पंप बदला किंवा ओव्हरहॉल करा.

दोन्ही ठीक असेल तर सीलच्या ओठाला स्टिअरिंगचंच ऑइल लावा, शाफ्टच्या टोकावर धार किंवा चावीची खाच असेल तर त्यावर पातळ सेलोटेप गुंडाळा म्हणजे ओठ कापला जाणार नाही, आणि सील स्प्रिंगची बाजू आत म्हणजे ऑइलकडे ठेवून बसवा. सीलच्या बाहेरच्या कडेएवढा सॉकेट घेऊन हलक्या हाताने, तिरकं जाऊ न देता. हो, इथे हातोडी चालेल, पण हलकी. सिलिकॉन वगैरे काही लावायचं नाही. सिलिकॉनचे तुकडे सुटतात आणि पंपातून किती ऑइल पुढे जायचं ते ठरवणाऱ्या फ्लो कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. टेफ्लॉन टेपचंही तेच, फिटिंगच्या आट्यांवर गुंडाळायची सवय असते लोकांना, पण या फिटिंगा आट्यांनी सील होत नाहीत, फ्लेअरने (नळीच्या पसरट केलेल्या टोकाने) किंवा ओ-रिंगने होतात. बँजो बोल्ट (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर तांब्याचे वायसर दोन्ही बाजूंना नवेच टाका.

पंप बाकावर आहेच तर मागच्या सगळ्या ओ-रिंगाही आत्ताच बदलून घ्या. सील किटमध्ये त्या येतातच, आणि वीस वर्षं ज्या गरमीत सील कडक झालं त्याच गरमीत त्याही होत्या.

प्रश्न: माझं सील दोनदा बदलून झालं, दुसरं तर महिनाभरही टिकलं नाही. सील डुप्लिकेट होतं का?

उत्तर: असेलही, पण दोनदा लागोपाठ गेलं म्हणजे मी सीलवर संशय घ्यायच्या आधी त्याला कोण मारतंय ते बघेन. शाफ्टची खाच आणि बुश वरच्या उत्तरात सांगितलंच. त्यापुढे बेल्ट. बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला की तो शाफ्टला सतत एका बाजूला ओढतो, बुश एकाच बाजूने खातो आणि सीलचा ओठ एका बाजूला दाबला जातो दुसऱ्या बाजूला उघडा पडतो. बेल्ट किंचाळतो म्हणून ताणत जाणारे बरेच असतात, आणि बेल्ट किंचाळतोय कशामुळे तर त्यावर गळतीचं ऑइल उडालंय म्हणून, म्हणजे गळतीमुळे बेल्ट ताणला आणि ताणल्यामुळे गळती वाढली. ऑइल भिजलेला बेल्ट पुसून चालत नाही, रबर फुगलेलं असतं, नवा टाका. पुली इतर पुल्यांच्या रेषेत आहे का तेही पट्टी लावून बघा.

मग रिटर्नची बाजू. हे कोणी बघतच नाही. टाकीत फिल्टर किंवा जाळी असते, मोठ्या ट्रकमध्ये तर बदलायचा फिल्टर असतो, तो वर्षानुवर्षं तसाच, किंवा रिटर्न होज कुठेतरी मुरगळलाय, किंवा आतून त्याचं रबर सोलून पडदा तयार झालाय. परत येणाऱ्या ऑइलला वाट मिळाली नाही की जिथे दाब नसायला हवा तिथे दाब तयार होतो, आणि कमी दाबासाठी केलेली सीलं बाहेर ढकलली जातात. स्टिअरिंग बॉक्सचं (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या डब्याचं) सीलही याच कारणाने जातं. तेव्हा पंप आणि बॉक्स दोन्ही थोड्या अंतराने गळायला लागले असतील तर मी आधी रिटर्न लाईन सोडून तिच्यातून हवा मारून बघेन.

आणि ड्रायव्हरची सवय. स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन तिथेच दाबून धरणं. त्या वेळी ऑइलला जायला जागा नसते, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच ऑइल पंपात गोल गोल फिरून भराभर तापतं. ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नये असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. अरुंद जागेत गाडी वळवताना टोकाला गेलं की किंचित सोडायचं, इतकंच.

प्रश्न: आमच्या ट्रकमध्ये पंप बेल्टवर नाही, इंजिनला मागून गिअरवर आहे. टाकीतलं ऑइल कमी होतं पण खाली एक थेंब नाही, सगळं कोरडं. ऑइल जातंय कुठे? घरात सगळे म्हणतात तू मोजायला चुकतेस.

उत्तर: तुम्ही चुकत नाही ताई, घरच्यांना इंजिनची डिपस्टिक काढून दाखवा. गिअरवर चालणाऱ्या पंपाचं तोंड इंजिनच्या आत उघडतं, किंवा एअर कॉम्प्रेसरच्या मागे जोडलेला असतो आणि तिथूनही वाट इंजिनमध्येच जाते. शाफ्टचं सील गेलं की स्टिअरिंगचं ऑइल बाहेर येतच नाही, सरळ इंजिनच्या चेंबरमध्ये (इंजिन ऑइल साठतं त्या तळाच्या भागात) उतरतं. टाकीत कमी, डिपस्टिकवर जास्त. काही लोकांना तर आनंद होतो की इंजिन ऑइल खात नाहीये. पण स्टिअरिंगमध्ये एटीएफ असेल तर ते इंजिन ऑइलपेक्षा बरंच पातळ, लिटर-दोन लिटर मिसळलं की बेअरिंगवरची फिल्म पातळ होते. म्हणून इथे नुसतं टाकी भरत राहणं हा उपाय नाही.

उलटंही होतं. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब कमी असतो, सील गेलं की तो इंजिनचं ऑइल आत खेचू शकतो, मग टाकीतलं ऑइल काळं पडतं आणि पातळी वाढत जाऊन झाकणातून बाहेर येतं. टाकी आपोआप भरतेय म्हणून खूश होऊ नका एवढंच.

दुरुस्ती म्हणाल तर पंप काढायचा, सील बदलायचं (बऱ्याच पंपांत पाठीला पाठ लावून दोन सीलं असतात, एक इंजिनच्या ऑइलसाठी एक स्टिअरिंगच्या, दिशा बघून ठेवा), पंप आणि इंजिनमधली ओ-रिंग किंवा पॅकिंग नवं, आणि नंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलणं यातून सुटका नाही.

प्रश्न: गळती थांबवायचं लिक्विड टाकू का? आणि एकजण म्हणाला अडीअडचणीला ब्रेक ऑइल टाकलं तर चालतं.

उत्तर: ब्रेक ऑइल अजिबात नाही. डॉट ३, डॉट ४ ही ग्लायकॉलची बनलेली असतात, स्टिअरिंगमधलं रबर वेगळं, खनिज तेलासाठी केलेलं. ब्रेक ऑइल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि एका सीलच्या ऐवजी सगळीच जातात, पंप, बॉक्स, होज सगळं. चुकून टाकलं असेल तर इंजिन चालू करू नका, आधी सगळं काढा.

लिक्विडबद्दल, ते रबर थोडं फुगवतं आणि मऊ करतं, त्यामुळे वयाने कडक झालेलं सील थोडे दिवस ओलं कमी होतं. कापलेला ओठ, खाच पडलेला शाफ्ट, फुटलेला होज याला काही उपयोग नाही. मला स्वतःला ते आवडत नाही. टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जे ऑइल लिहिलंय तेच टाका, एटीएफ, पॉवर स्टिअरिंग फ्लुइड, हिरवं हायड्रॉलिक ऑइल ही एकमेकांच्या जागी चालतील असं धरून चालू नका.

प्रश्न: नवा पंप बसवला. गळती गेली पण आता गुरगुरतोय, वळवताना तर कण्हतो. टाकीत फेस दिसतो. पंप खराब निघाला का?

उत्तर: फेस आहे म्हणजे हवा आहे, पंपाला दोष द्यायची घाई नको. हवा काढलीच नसेल किंवा घाईत काढली असेल. पुढचा अॅक्सल जॅकने उचला, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर नाही), इंजिन बंद ठेवा, टाकीचं झाकण काढा आणि स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, वीसेक वेळा तरी. टाकीत बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, भरत राहा, तळ उघडा पडू देऊ नका नाहीतर परत पहिल्यापासून. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करायचं, आयडलवर, आणि पुन्हा सावकाश फिरवायचं. आधीच फेस झालेला असेल तर इंजिन बंद करून तासभर गाडी तशीच सोडा. फेस असताना इंजिन चालवत राहिलं तर पंप तो फेस आणखी बारीक करतो आणि मग तो बसता बसत नाही.

एवढं करूनही फेस परत आला तर कुठून तरी हवा ओढली जातेय. टाकी आणि पंप वेगवेगळे असतील तर त्यांच्या मधला ओढीचा होज बघा, त्याची क्लिप ढिली असली तर तिथून ऑइल बाहेर येईलच असं नाही पण हवा आत जाते.

जुना पंप आतून झिजून मेला होता का तेही आठवा. तसं असेल तर त्याचा चुरा होजमध्ये आणि बॉक्समध्ये असणार. रिटर्न होज डब्यात सोडून, टाकीचं रिटर्नचं तोंड बंद करून, नवं ऑइल ओतत ओतत जुनं बाहेर काढा, स्वच्छ येईपर्यंत, आणि टाकीचा फिल्टर नवा. हे न करता नवा पंप चालवला तर जुन्याचा चुरा नव्याच्या पोटात. काढलेलं ऑइल डब्यात झाकून ठेवा आणि वापरलेलं तेल घेतात तिथे द्या, गटारात ओतू नका.

प्रश्न: टाकी काठोकाठ भरतो तरी झाकणाच्या बाजूने ऑइल येतं.

उत्तर: काठोकाठ भरता म्हणूनच येतं. ऑइल तापलं की फुगतं. थंड असताना थंडच्या खुणेपर्यंत, बस.

प्रश्न: पूर्वीचे ट्रक पॉवर स्टिअरिंगशिवायच चालायचे ना. मग दुरुस्ती होईपर्यंत बेल्ट काढून चालवला तर काय बिघडतं?

उत्तर: चालायचे, आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून यायचे. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने १९२६ मध्ये पहिलं चालण्याजोगं पॉवर स्टिअरिंग करून दाखवलं, तो आधी पिअर्स-अॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता, म्हणजे जड स्टिअरिंगचा त्रास त्याला जवळून माहीत असणार. पण त्या ट्रकांचा बॉक्सच वेगळा होता, गिअरचं प्रमाण असं की चाक जास्त वेळा फिरवायचं पण जोर कमी लागायचा, आणि स्टिअरिंग व्हीलही मोठं. तुमचा बॉक्स मदत मिळणार हे धरून बनवलाय. मदत बंद झाली की तुम्हाला चाकांसोबत बॉक्समधलं ऑइलही हातानेच ढकलावं लागतं, शिवाय आतला व्हॉल्व्ह आधी थोडा फिरतो आणि मग चाकं हलतात, म्हणजे मधे मोकळा झोल जाणवतो. रिकामा हलका ट्रक सरळ रस्त्यावर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येईल कदाचित. भरलेला मोठा ट्रक नाही, वळणावर अचानक काही आडवं आलं तर दोन हातांचा जोर पुरणार नाही.

आणि बेल्ट काढण्याआधी तो आणखी काय काय फिरवतो ते बघा. एकच लांब बेल्ट असेल तर पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावरच आहेत, पंप सोडवायच्या नादात इंजिन तापवाल. उलट बेल्ट तसाच ठेवून टाकी कोरडी चालवली तर वंगण नसल्यामुळे पंप थोड्या वेळातच आतून चावला जातो, मग फक्त सीलचं काम होतं ते पंपावर जातं. गिअरवरचा पंप तर सोडवताच येत नाही, त्यामुळे तिथे गाडी ओढूनच न्यायची.

गळती किती आहे यावर ठरवा. दिवसातून एकदोन थेंब असतील तर रोज सकाळी टाकी बघून, सोबत त्याच ऑइलचा डबा ठेवून काही दिवस काढता येतील. प्रेशर होजमधून फवारा असेल आणि समोरच एक्झॉस्टची गरम नळी असेल तर गाडी आजच उभी करा, ते ऑइल तापलेल्या लोखंडावर पडून पेट घेऊ शकतं.